चौथा उद्गार

“चौथा उद्गार सुनीती घेईल,” बाबा म्हणाले, आणि दानियलकाकांच्या हातातली चहाची बशी ओठांपाशीच थांबली.

पाळकाच्या घराच्या ओट्यावर मंडळीचे पंच बसले होते. उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, तोंडावर आला होता. त्या दिवशी भर दुपारी आमच्या चर्चमध्ये तीन तासांची उपासना होते आणि ख्रिस्तानं वधस्तंभावर काढलेल्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. कुणी कोणता घ्यायचा हे ठरवायला दरवर्षी अशीच बैठक बसायची, पण वाटून द्यायचे उद्गार सहाच असायचे. चौथा बाबांचा. देवानं आपल्याला का सोडलं, असं ख्रिस्त ज्यात विचारतो, तो. बाबा करंजटेकला पाळक म्हणून आले तेव्हापासून तो दुसऱ्या कुणी घेतला नव्हता. त्या दिवशी बाबा बोलायला उभे राहिले की बाया पदर डोळ्यांना लावूनच ऐकायच्या.

“पाळकसाहेब,” दानियलकाका बशी खाली ठेवत म्हणाले, “पोरगी शिकतेय, हुशार आहे, सगळं कबूल. पण व्यासपीठावर बाईमाणूस अजून चढलेलं नाही आपल्यात. आणि चढायचंच तर पहिला घेऊ द्या, दुसरा घेऊ द्या. चौथाच कशाला?”

“वधस्तंभापाशी शेवटपर्यंत कोण उभं होतं, दानियल? बायाच होत्या. बाप्ये पळाले होते.”

“ते ठीक. पण तुम्ही का नाही घेत?”

बाबांनी ओट्याच्या कडेला बसलेल्या माझ्याकडं पाहिलं. मी आदल्याच दिवशी पुण्याहून सुटीवर आले होते.

“मी नाही घेणार,” ते म्हणाले. “सुनीतीनं नाही घेतला तर सहाच उद्गार होतील.”

दानियल कसोटे हे आमच्या शाळेचे निवृत्त हेडमास्तर, पंचांचे प्रमुख आणि बाबांचे जुने मित्र. बाबा असे अडून बसलेले त्यांनी कधी पाहिले नसावेत. त्यांनी बशी पुन्हा उचलली आणि सभा पाचव्या उद्गाराकडं वळली.

मला मात्र उकळ्या फुटत होत्या. मी पुण्याच्या सेमिनरीत ईश्वरविज्ञान शिकत होते, बी.डी.च्या शेवटच्या वर्षाला. वर्गात मी एकटीच मुलगी. सेमिनरीत जायचं ते खरं माझ्या धाकट्या भावानं, उल्हासनं, असं घरात तो पाळण्यात असल्यापासून ठरलेलं. त्याला मात्र मोटारींची इंजिनं खोलायचा नाद. शेवटी मीच हट्ट धरला. “पोरीला पाळकपणाची दीक्षा देणार कोण?” असं आई म्हणाली, तेव्हा बाबा म्हणाले होते, “ती शिकू दे. दीक्षेचं पुढं पाहू.” मी ग्रीक शिकले, हिब्रू शिकले, पापाचा सिद्धांत, कृपेचा सिद्धांत, प्रायश्चित्ताचा सिद्धांत, सगळं घोटून घोटून शिकले. आणि गंमत म्हणजे त्या वर्षीचा माझा मोठा निबंध चौथ्या उद्गारावरच होता. आमचे मकासरे सर कुणाची स्तुती करणारे नव्हते. त्यांनी तो निबंध वर्गात वाचून दाखवला होता.

पण बाबांनी तो उद्गार मला दिला तो त्या निबंधामुळं नाही, एवढं मला कळायला हवं होतं. घरात उल्हास नव्हता.

तो आदल्या पावसाळ्याच्या अखेरीला गेला. कावीळ झाली, ती उतरेना. नगरच्या दवाखान्यात नेलं, तिथं बाबांनी व्हरांड्यात ठाण मांडलं. सगळी मंडळी उपास धरून प्रार्थना करत होती. मी पोचले तेव्हा तो शुद्धीवर नव्हता. डोळे हळदीसारखे. एकोणीस वर्षांचं पोर. दफनाची उपासना बाबांनीच चालवली, एक शब्द न अडखळता. लोक म्हणाले, श्रद्धा असावी तर अशी.

आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत सगुणाबाई शेलारांची रेबू आजारी पडली. सगुणाबाई विधवा, शेतात मजुरीनं जाणारी. रेबू तिची एकुलती एक. पोरीला ताप चढला, मान ताठ झाली, झटके यायला लागले. डॉक्टरनं सुई टोचली आणि नगरला न्यायला सांगितलं. गाडी मिळेना, म्हणून सगुणाबाईनं तिला उचलून आमच्या घरी आणलं. बाबांनी पोरीच्या कपाळावर हात ठेवून प्रार्थना केली. उजाडता उजाडता रेबू शुद्धीवर आली. तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या रविवारी सगुणाबाई चर्चमध्ये उठून साक्ष द्यायची. “पाळकसायबांनी हात ठिवला आन् देवबापानं माझी पोर माघारी दिली.” लोक टाळ्या वाजवायचे. बाबा वेदीशेजारच्या खुर्चीत बसून ऐकायचे. हे सगळं मला आईनं सांगितलं होतं, तेही पोळ्या लाटता लाटता, माझ्याकडं न बघता.

बैठक उठल्यावर आम्ही जेवायला बसलो. जेवणाआधीची प्रार्थना बाबांची. लहानपणी ती इतकी लांबायची की उल्हास एक डोळा उघडून भाकरी गार होताना बघायचा. त्या दिवशी बाबा पानाकडं बघत म्हणाले, “सुनीतीची आई, तू कर.”

आईनं लगेच डोळे मिटले. जणू रोजचंच होतं.

मागून भांडी घासताना मी विचारलं, “बाबा प्रार्थना करत नाहीत?”

“करतात की. रविवारी पुस्तकातली वाचतात.”

“आणि घरी?”

“दमतात गं,” आई म्हणाली. “तू तुझं भाषण लिही.”

मी लिहिलं. निबंध काढला, त्यातली ग्रीक वाक्यं गाळली, गावातल्या लोकांना कळतील अशी उदाहरणं घातली. मुद्दा सरळ होता. ख्रिस्त देव होता आणि माणूसही होता. माणूस म्हणून त्याला त्या घटकेला असं वाटलं, की देवानं आपल्याला सोडलं. पण ते वाटणं होतं. पित्यानं मुलाला सोडलेलं नव्हतंच. पापाचा अंधार मधे आल्यामुळं पिता दिसत नव्हता, एवढंच. ढगाआड गेला म्हणून सूर्य विझतो का? हे ढगाचं वाक्य मला फार आवडलं होतं.

शुक्रवारी चर्च गच्च भरलं. बाहेर ऊन नुसतं भाजत होतं. वीज गेलेली, पंखे थांबलेले, वधस्तंभावर काळं कापड. एका बाजूला पांढऱ्या लुगड्यांतल्या बाया, दुसऱ्या बाजूला पुरुष. पहिला उद्गार झाला, गीत झालं. दुसरा, तिसरा. मग बाबा खुर्चीत बसूनच म्हणाले, “चौथा उद्गार. कुमारी सुनीती त्रिभुवन.”

मी व्यासपीठावर चढले तेव्हा पुरुषांच्या बाजूनं थोडी कुजबुज झाली, पण बोलायला लागल्यावर थांबली. माझा आवाज चांगला लागला होता. लोक ऐकताहेत हे बोलणाऱ्याला कळतं. दुसऱ्या बाकावर सगुणाबाई होती, मांडीवर रेबू. दानियलकाकासुद्धा मान डोलवत होते. मी ढगाच्या वाक्यापाशी आले.

“देवानं त्याला सोडलं नव्हतं,” मी म्हणाले. “सोडलं आहे असं त्याला वाटत होतं.”

“वाटत नव्हतं.”

कोण बोललं ते मला आधी कळलंच नाही. मग सगळे वेदीकडं बघायला लागले म्हणून मीही वळले. बाबा खुर्चीत बसलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर जमिनीकडं. आवाज मुळीच चढलेला नव्हता.

“त्याला वाटत नव्हतं,” ते पुन्हा म्हणाले. “सोडलंच होतं.”

बाबांनी मान वर केली. आपण मोठ्यानं बोललो हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं असावं.

“बोल पुढं,” ते मला म्हणाले.

माझ्यासमोर अजून तीन पानं होती. त्या पानांवरची अक्षरं मला दिसत होती, वाचताही येत होती, पण ती मोठ्यानं म्हणायची माझी छाती होईना. मी कागद गोळा केले आणि खाली उतरले. दानियलकाकांनी झटकन पेटीवाल्याला खूण केली आणि स्वतःच वरच्या पट्टीत गीत सुरू केलं. हळूहळू लोक गायला लागले.

संध्याकाळी काका घरी आले. चहा नको म्हणाले. बाबांच्या समोर खुर्ची ओढून बसले.

“शांतवन, पंच म्हणून नाही, मित्र म्हणून विचारतो. काय चाललंय तुझं?”

“तू ऐकलंस ना?”

“मी ऐकलं ते ठीक आहे. पण लोकांनी ऐकलं. पाळकच म्हणतो की देव सोडतो. मग शेतात राबून आलेल्या माणसानं कुणाच्या तोंडाकडं बघायचं?”

“ते मलाही कळत नाही, दानियल.”

उल्हासच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत काका पहिले होते. डोळे पुसायला त्यांनी चष्मा काढला, पण नुसताच पुसून परत घातला.

“बाकी काही मागत नाही,” ते म्हणाले. “परवा ईस्टरच्या पहाटे कबरस्तानात तेवढी आरोळी दे. प्रभू उठला आहे म्हण. लोक उत्तर देतील. एवढं झालं की आजचं लोक विसरतील. दुःखात माणूस बोलतो, त्यांनाही समजतं.” मग माझ्याकडं वळून म्हणाले, “सुनीतीच्या दीक्षेचा अर्ज चर्चच्या कौन्सिलपुढं जायचाय. त्याला मंडळीची शिफारस लागते, ती मीच लिहिणार. आपल्या भागातली पहिली बाई. तिचं तरी बघ.”

काका गेले.

शनिवारी सकाळी बाबा चुन्याची बादली आणि कुंचा घेऊन कबरस्तानात निघाले. ईस्टरच्या आधी सगळेच आपापल्या माणसांच्या कबरी साफ करतात, चुना देतात. मीही मागोमाग गेले. उल्हासच्या कबरीवर गवत वाढलं होतं, ते मी उपटत बसले. बाबा चुना लावत होते. कडेनं, अगदी जपून, जसं काही कुणी झोपलेलं आहे आणि त्याला धक्का लागायला नको.

“काल मी मधे बोललो ते चुकलं,” ते म्हणाले. “तुझी वेळ होती.”

“बाबा, तुम्हाला खरंच तसं वाटतं?”

“रेबूच्या वेळचं तुला कुणी सांगितलं?”

“आईनं. सगळं गावच सांगतं.”

“गाव तिथं नव्हतं. मी होतो.” त्यांनी कुंचा बादलीत ठेवला. “उल्हाससाठी मी काय करायचं बाकी ठेवलं, सांग. दवाखान्याच्या फरशीवर गुडघे सोलून निघाले माझे. म्हटलं, त्याच्याऐवजी मला ने. म्हटलं, आयुष्यभर तुझं काम केलं, कधी काही मागितलं नाही, हे एक दे. अशी प्रार्थना मी जन्मात केली नव्हती. तो गेला. बरं. मग ती बाई पोरीला घेऊन आली. मी कपाळावर हात ठेवला, कारण ती बघत होती. तोंड सवयीनं बोलत होतं. आत काही नव्हतं, सुनीती. भिंतीवर पाल होती, मी तिच्याकडं बघत होतो. पोरगी जगली काय अन् मेली काय, मला त्या वेळी काही वाटत नव्हतं. आणि सकाळी पोरगी उठून बसली, दूध मागायला लागली.”

“सुईनं गुण आला असेल.”

“असेल. उल्हासला काय सुया कमी टोचल्या होत्या?”

चार वर्षं शिकलेलं माझ्या तोंडी आलं. “बाबा, कृपा ही आपल्या मनात काय चाललंय त्यावर ठरत नाही. प्रार्थना करणारा कसाही असला तरी...”

“छान,” ते म्हणाले. “परीक्षेत लिही.”

त्यात टोमणा नव्हता, हे जास्त लागलं. जरा वेळानं तेच म्हणाले, “देव नाही असं म्हणता आलं असतं तर सुटलो असतो. दानियलला वाटतं, माझी श्रद्धा गेली. गेली नाही. तो आहे. तो तिथं होता, आणि त्यानं माझी थट्टा केली.”

मी गवत उपटत राहिले. उपटायला काही उरलं नव्हतं तरी.

“मी तिला सांगणार आहे,” बाबा म्हणाले.

“कुणाला?”

“सगुणाबाईला. उद्या, सगळ्यांसमोर. दर महिन्याला ती बाई माझ्या नावानं साक्ष देते. मला नाही ऐकवत.”

“तिला सांगून काय होईल?”

“खोटं थांबेल.”

घरी येऊन मी आईला सांगितलं. मला वाटलं, आई रडेल. ती सरळ बाबांपुढं जाऊन उभी राहिली. “तुमचं आणि देवाचं काय असेल ते तुम्ही बघा. मीही मुलगा पुरलाय. पण त्या बाईला एक लेकरू आहे आणि त्या लेकराच्या जोडीला ती एक साक्ष आहे. त्यातलं काही तुम्ही काढून घ्यायचं नाही.”

बाबा हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

ईस्टरला झुंजुमुंजु व्हायच्या आत सगळी मंडळी कबरस्तानात जमली. कबरीकबरीवर मेणबत्त्या लावलेल्या. आम्ही उल्हासपाशी उभे होतो. पूर्वेला फटफटलं, की पाळकानं मधोमध उभं राहून आरोळी द्यायची, प्रभू उठला आहे. सगळ्यांनी उत्तर द्यायचं, खरोखर उठला आहे. मग गात गात चर्चमध्ये जायचं. वर्षातला सगळ्यांत आनंदाचा क्षण तो. लहानपणी उल्हास आणि मी त्या उत्तरासाठी छाती फुगवून तयार असायचो.

फटफटलं. बाबा झगा घालून मधे उभे होते. बोलले नाहीत.

लोक थांबले. उजेड वाढत चालला, माणसांचे चेहरे दिसायला लागले. कुणाचं तरी मूल रडलं, त्याला गप्प केलं. बाबांचे ओठ हलले आणि मिटले. मग त्यांनी मान वळवून सगुणाबाईकडं पाहिलं. ती चार पावलांवर उभी होती, खांद्यावर झोपलेली रेबू. बाबांनी तोंड उघडलं. आता सांगतात, असं वाटून आईनं माझं मनगट घट्ट धरलं.

दानियलकाका मागून माझ्या कानाशी आले. “सुनीती, तू म्हण. त्यांचा घसा बसलाय असं होईल. तू म्हण, पोरी. तू उद्याची पाळक आहेस.”

तीन शब्द होते. माझ्या तोंडात तयार होते. मी म्हटले असते तर लोकांनी सुटकेचा श्वास टाकून उत्तर दिलं असतं, काकांनी शिफारस लिहिली असती, सगळं सुरळीत झालं असतं. मी बाबांकडं पाहिलं. एवढ्या माणसांत ते इतके एकटे उभे होते, की मी बोलले असते तर त्यांना तिथंच सोडून बाकीच्यांकडं गेल्यासारखं झालं असतं. मी मान हलवली. नाही म्हणून.

“अगं...” काका म्हणाले.

तेवढ्यात सगुणाबाईचा आवाज आला. जाडाभरडा, मोठा.

“खरोखर उठला आहे!”

कुणी हाक दिलेलीच नव्हती. तिला वाटलं असेल, पाळकसाहेब म्हणाले आणि आपल्यालाच ऐकू आलं नाही. किंवा तिला त्यांचा चेहरा बघवला नसेल. मी तिला कधी विचारलं नाही. क्षणभर सगळे गोंधळले, मग दोघेचौघे म्हणाले, मग सगळे म्हणाले, खरोखर उठला आहे, खरोखर उठला आहे, आणि पेटी वाजायला लागली, आणि लोक गात फाटकाकडं निघाले. सगुणाबाई बाबांच्या जवळून जाताना थांबली, त्यांच्या पाया पडली. बाबांनी तोंड मिटलं. तिच्या डोक्यावर हात ठेवायला हात उचलला आणि मधेच खाली घेतला.

ते चर्चमध्ये आले नाहीत. उल्हासच्या कबरीवरच्या ताज्या चुन्यावर बसून राहिले. झगा पांढराच होता, म्हणून डाग दिसला नाही.

त्याच आठवड्यात त्यांनी राजीनामा दिला. दानियलकाका मला येऊन भेटले.

“मी शिफारस लिहू शकत नाही, सुनीती. त्या पहाटे तू गप्प राहिलीस, सगळ्यांनी पाहिलं.”

“हो, काका.”

“तुझाही घसा बसला होता असं सांग. मी लिहितो.”

“बसला नव्हता,” मी म्हणाले.

ते उठून गेले. वाईट त्यांनाच जास्त वाटत होतं.

मी परीक्षेला जाणार नव्हते. बाबांनीच माझी पेटी भरली आणि एस.टी.त बसवून दिलं. तोंडी परीक्षेत तीन परीक्षक होते, मधे मकासरे सर. त्यांना वाटलं असेल, मला पक्कं येणारं विचारावं. “चौथ्या उद्गारात पिता पुत्राला खरोखर सोडतो की नाही? आपली भूमिका मांडा.”

“मला माहीत नाही, सर.”

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “मिस त्रिभुवन, या प्रश्नाचं उत्तम उत्तर तुम्हीच लिहिलेलं आहे.”

“हो सर. लिहिलं आहे.”

“मग?”

“मग काही नाही, सर. तेव्हा मला माहीत होतं.”

बाकीच्या दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. सरांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. मला दुसरा वर्ग मिळाला. दीक्षा मिळाली नाही. पुढं बायांना दीक्षा द्यायला लागले तोवर माझं वय निघून गेलं होतं, आणि मी अर्जही केला नाही. मकासरे सरांनीच मला सेमिनरीत ग्रीक शिकवायला ठेवून घेतलं. व्याकरण शिकवणाऱ्याला श्रद्धेचं कुणी विचारत नाही. माझ्या हाताखालून कितीतरी पाळक झाले.

बाबा-आई नगरला राहायला गेले. बाबा एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे. रविवारी आईला चर्चपर्यंत पोचवायचे आणि उपासना संपेपर्यंत बाहेर लिंबाखाली बसायचे. सगुणाबाईला त्यांनी शेवटपर्यंत काही सांगितलं नाही. ती वर्षातून एकदा करंजटेकहून यायची, हुरडा नाहीतर शेंगा घेऊन, आणि दारातूनच मोठ्यानं सांगायची, रेबू पाचवीत गेली, रेबू दहावी झाली, रेबूचं लगीन ठरलं. बाबा म्हणायचे, “बरं झालं. फार बरं झालं.” ती गेल्यावर मात्र मुद्रितं पुढ्यात ओढून बसायचे. रेबूच्या लग्नात आशीर्वाद द्यायला बोलावलं, तेव्हा त्यांनी गुडघे दुखतात म्हणून सांगितलं.

त्यांच्या शेवटच्या आजारात मी रजा काढून घरी होते. सगुणाबाई भेटायला आली. आता पार वाकलेली. खाटेशेजारी पाटावर बसली आणि कुणाला न विचारता प्रार्थना करायला लागली. तिची प्रार्थना सरळ होती. देवबापा, या माणसानं माझ्या लेकीला तुझ्याकडनं मागून आणलं, आता मी याला मागते, याला उठव. दुपारची वेळ होती, बाबा जागे होते. डोळे छताकडं. मी दारात उभी होते आणि मला ते थांबवावंसं वाटत होतं, पण कुणासाठी थांबवायचं ते कळत नव्हतं. तिची प्रार्थना संपली. शेवटचा शब्द न म्हणता ती डोळे मिटून तशीच बसली.

“आमेन,” बाबा म्हणाले.

स्पष्ट म्हणाले. आई आत स्वयंपाकघरात होती, तिच्याही हातातलं काम थांबलं. रेबूच्या त्या रात्रीनंतर तो शब्द त्यांच्या तोंडून घरात कुणी ऐकला नव्हता.

सगुणाबाई डोळे पुसत उठली, त्यांच्या पाया पडली आणि गेली. मी खाटेशी जाऊन बसले.

“बाबा,” मी विचारलं, “तुम्ही आमेन म्हणालात?”

त्यांनी माझ्याकडं मान वळवली. बोलायला त्यांना फार त्रास व्हायचा.

“ती थांबली होती गं,” ते म्हणाले.